प्रॉक्समॉक्सचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन: अ‍ॅन्सर फाइल चोख, तिथपर्यंतची वाट मात्र आपली आपण बांधायची

प्रॉक्समॉक्स व्हीई या हायपरव्हायझरमध्ये (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या प्रणालीमध्ये), कीबोर्डला कोणाचाही हात न लागता इन्स्टॉलेशन पूर्ण करण्याची अधिकृत सोय ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून आली. आमचे ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे आणि सर्व्हर महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये. तिथे नवा किंवा पुसून कोरा केलेला सर्व्हर रॅकमध्ये चढला, की त्याच्यावर हायपरव्हायझर नेटवर्कवरूनच टाकायचा अशी आमची पद्धत आहे, आणि त्यासाठी आम्ही हीच सोय वापरतो. हे परीक्षण प्रॉक्समॉक्सच्या एकूण गुणदोषांचे नाही. व्हर्च्युअल मशीन किती वेगाने चालतात, बॅकअप कसा होतो, क्लस्टर कसा वागतो यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोऱ्या सर्व्हरपासून लॉगिनच्या पानापर्यंतचा जो पहिला टप्पा असतो, तेवढ्यावरच मी लिहिणार आहे; कारण हायपरव्हायझर निवडताना त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही आणि पुढे कामाचा वेळ सर्वांत जास्त तोच खातो.

माझा निकष आधी सांगते. सगळे सुरळीत असले तर कोणताही स्वयंचलित इन्स्टॉलर चांगलाच वाटतो. त्याची खरी परीक्षा तो अडतो तेव्हा होते. अडल्यावर तो नेमका कुठे अडला हे सांगतो का, आपण येऊन पाहीपर्यंत थांबतो का, आणि अर्धवट माहितीवर डिस्क पुसण्यासारखे काही करून बसत नाही ना, या तीन गोष्टी मी पाहते. या निकषावर प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर, त्याचा स्वतःचा कर्नल (प्रणालीचा गाभा) सुरू झाल्यापासून पुढे, मी आजवर वापरलेल्या इन्स्टॉलरांमध्ये सर्वांत प्रामाणिक आहे. त्याच्या आधीच्या टप्प्यात मात्र, म्हणजे सर्व्हर चालू होऊन नेटवर्कवरून तो कर्नल मिळेपर्यंत, त्याची मदत जवळजवळ नाही, आणि नेमक्या त्याच टप्प्यात दहातले आठ बिघाड होतात असा माझा अनुभव आहे.

या विषयाची गरज आता का वाढली, तेही सांगायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरव्हायझर बनवणारी कंपनी विकत घेतली, त्याच्या पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान आयटी कंपन्यांत पर्याय शोधण्याची बोलणी सुरू झाली. एखाद-दुसरा सर्व्हर बदलायचा असेल तर पेनड्राइव्ह घेऊन जाता येते. रॅकच्या रॅक हलवायचे असतील तर तसे चालत नाही. डेटा सेंटरचा गेटपास आदल्या दिवशी काढायचा, लॅपटॉपचा सिरियल क्रमांक नोंदवायचा, आत थंडीत ट्रॉलीवर कीबोर्ड ठेवून उभे राहायचे. आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरले तर ठाण्याहून तिकडे पोहोचण्याचीच खात्री नाही. रिमोट कन्सोलमधून (सर्व्हरचा पडदा दूरून दाखवणाऱ्या सोयीतून) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरच्या डिस्कची प्रतिमा, जोडता येतो हे खरे, पण दीड जीबीच्या आसपासची ती फाइल ऑफिसच्या इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने वाचत इन्स्टॉलेशन पुढे सरकते आणि मधे लाइन तुटली तर पहिल्यापासून सुरुवात. नेटवर्क बूट (नेटवर्कवरून मशीन सुरू होणे) त्याच रॅकशेजारच्या सर्व्हरवरून होतो, म्हणून तोच मार्ग खरा.

आता मूळ वस्तूकडे येते. प्रॉक्समॉक्सने या सोयीचा गाभा साधा ठेवला आहे. ग्राफिकल इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे टॉमल पद्धतीच्या एका छोट्या मजकुरात लिहायची. देश, कीबोर्ड, टाइमझोन, सर्व्हरचे पूर्ण नाव, रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड, नेटवर्क डीएचसीपीवरून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेवरून) घ्यायचे की हाताने द्यायचे, फाइल सिस्टिम कोणती आणि ती कोणत्या डिस्कवर. हीच अ‍ॅन्सर फाइल. ती आयएसओमध्येच भरता येते, ठरावीक लेबल लावलेल्या वेगळ्या पार्टिशनवर ठेवता येते, किंवा एचटीटीपीवरून मागवता येते. सोबत मिळणाऱ्या कमांडलाइन साधनाने ही फाइल आधी तपासून घेता येते. ही तपासणी कडक आहे आणि ती तशीच असायला हवी होती: एखाद्या किल्लीचे (सेटिंगच्या नावाचे) स्पेलिंग चुकले असेल तर ते साधन ती मुकाट्याने ओलांडून पुढे जात नाही, ओळखीची नसलेली किल्ली म्हणून फाइलच नाकारते. किकस्टार्ट किंवा प्रीसीडच्या (इतर इन्स्टॉलरांच्या अशाच उत्तरांच्या) फायलींवर ज्यांनी काम केले आहे त्यांना याची किंमत कळेल, कारण तिथे चुकीची ओळ कित्येकदा इन्स्टॉलेशन अर्ध्यावर आल्यावरच उघडकीस येते.

पण अ‍ॅन्सर फाइल उपयोगी पडण्यासाठी सर्व्हरने आधी इन्स्टॉलरपर्यंत पोहोचायला हवे. ८.२ आली तेव्हा ही अधिकृत सोय आयएसओभोवतीच बांधलेली होती. पीएक्सईने (सर्व्हरमध्येच असलेल्या नेटवर्क बूटच्या पद्धतीने) बूट करण्यासाठी आयएसओमधला कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत चढणारी फाइल सिस्टिम) बाहेर काढायचे आणि अख्खी आयएसओ फाइल त्या इनिटआरडीच्या पोटात घालायची, हा मार्ग वापरणाऱ्यांनी स्वतः शोधलेला आहे. तो चालतो. इन्स्टॉलर सुरू होताना अशी आत ठेवलेली फाइल शोधतो, हे त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच आहे. तरीही एका व्यावसायिक हायपरव्हायझरच्या नेटवर्क बूटचा पाया असा असावा, याबद्दल मी गुण कापते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरच्या बाबतीत बूट लोडर, त्याची कॉन्फिगरेशन फाइल आणि किकस्टार्टचा पत्ता देण्याची पद्धत हे सगळे अधिकृत दस्तऐवजात वर्षानुवर्षे आहे. तिथेही खाचखळगे आहेत, उदाहरणार्थ प्रीफिक्स दिल्यावर मॉड्यूलांच्या नावांआधीच्या तिरप्या रेघा काढाव्या लागतात किंवा सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर पहिल्या बूटची स्क्रिप्ट चालतच नाही, पण ते खाचखळगे छापील आहेत. इथे नवख्या माणसाला वाट विचारत जावे लागते.

या पहिल्या टप्प्यातले बिघाड मी जरा सविस्तर सांगते, कारण त्यांचा दोष अनेकजण इन्स्टॉलरच्या माथी मारतात आणि उत्पादनाबद्दल चुकीचे मत करून घेतात.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे सर्व्हर चालू होतो, पडद्यावर ऑफर न मिळाल्याचा पीएक्सई-ई१६ हा संदेश येतो, आणि डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाची, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसची एकही नोंद नसते. महापेच्या रॅकपाशी असलेला तंत्रज्ञ अशा वेळी फोनवर जे सांगतो ते ठरलेले असते: “मॅडम, लिंकचा लाइट हिरवा आहे, केबल पण बदलून बघितली.” तो खरेच सांगत असतो. लिंक आलेली असते, पण पोर्टवरून वाहतूक सुरू झालेली नसते. पारंपरिक स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधली वर्तुळे टाळणाऱ्या स्विचच्या नियमात) पोर्ट जागा झाल्यावर स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पॅकेट पुढे सोडतो. तेवढ्यात फर्मवेअरने (सर्व्हरच्या बोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने) विचारणा करून, उत्तर न मिळाल्याने नाद सोडलेला असतो. त्यावर उपाय एकच: सर्व्हरकडे जाणारे पोर्ट एज पोर्ट म्हणून जाहीर करायचे, म्हणजे ते लगेच चालू होतात. ओळखायची खूण अशी, की त्याच पोर्टवर आधीच चालू असलेल्या सर्व्हरमध्ये लिंक न पाडता डीएचसीपी विचारले तर पत्ता लगेच मिळतो.

लक्षण तेच पण कारण वेगळे, अशी दुसरी जागा म्हणजे एलएसीपी, म्हणजे अनेक पोर्ट एकत्र बांधण्याची पद्धत. हायपरव्हायझरसाठी दोन पोर्टांची जोडी बांधायची असते म्हणून नेटवर्कच्या माणसाने स्विचवर ती आधीच बांधून ठेवलेली असते. कोरा सर्व्हर एलएसीपीची भाषा बोलत नाही, समोरून उत्तर नाही म्हणून स्विच दोन्ही पोर्ट स्थगित ठेवतो आणि डीएचसीपीची विचारणा तिथेच विरते. बहुतेक स्विचमध्ये अशा वेळी एक पोर्ट एकटा चालू ठेवण्याची फॉलबॅकची सोय असते. ती चालू करून घ्यावी, किंवा इन्स्टॉलेशनसाठी वेगळे, साधे पोर्ट ठेवावे. आम्ही दुसरा मार्ग धरला आहे, कारण डेटा सेंटरच्या स्विचवर बदल करून घ्यायला तिकीट टाकून वाट पाहावी लागते आणि नवा माणूस आला की तो बदल पुसला जाण्याचीही भीती असते. इन्स्टॉलेशनचे हे नेटवर्क टॅग नसलेल्या व्हीलॅनवरच (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवरच) असावे, हेही सोबत सांगते. फर्मवेअरमध्ये व्हीलॅनचा क्रमांक घालून पीएक्सई चालवता येते, पण इन्स्टॉलरचा कर्नल सुरू झाल्यावर तो पुन्हा आपल्या बाजूने डीएचसीपी विचारतो, आणि त्याला फर्मवेअरमधला तो क्रमांक ठाऊक नसतो.

डीएचसीपीचे उत्तर मिळाले तरी चुकीची फाइल मिळू शकते. सर्व्हर आपल्या विनंतीत ९३ क्रमांकाच्या पर्यायातून आपली जात सांगतो: ० म्हणजे जुने बायोस फर्मवेअर, ७ म्हणजे ६४ बिटचे नवे यूईएफआय फर्मवेअर, काही फर्मवेअर त्यासाठी ९ सांगतात, आणि १६ म्हणजे एचटीटीपी बूट करू पाहणारे यूईएफआय. डीएचसीपीच्या कॉन्फिगरेशनमध्ये हे सगळे वेगळे ओळखले नाही तर यूईएफआयच्या सर्व्हरला बायोसचा बूट लोडर जातो, डाउनलोड झाल्यासारखे दिसते आणि पुढच्या क्षणी फर्मवेअर बूटच्या यादीतल्या पुढच्या नावाकडे वळते. एचटीटीपी बूटच्या बाबतीत तर उत्तरात स्वतःची ओळख एचटीटीपी क्लायंट म्हणून परत पाठवावी लागते. ती नसेल तर फर्मवेअर ते उत्तर विचारातच घेत नाही. शिवाय आयपीएक्सई (पीएक्सईपेक्षा अधिक सोयींचा बूट लोडर) वापरत असाल तर तो उतरल्यावर स्वतः पुन्हा डीएचसीपी विचारतो, आणि यावेळी तो आयपीएक्सई आहे हे ७७ क्रमांकाच्या पर्यायावरून ओळखून त्याला स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा असतो. हे केले नाही तर आयपीएक्सई पुन्हा आयपीएक्सईच उतरवतो आणि ते चक्र थांबत नाही.

टीएफटीपी या फाइल आणण्याच्या साध्या, जुन्या पद्धतीचा मुद्दा या उत्पादनाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथे इनिटआरडीच्या पोटात संपूर्ण आयएसओ असते. टीएफटीपीच्या मूळ नियमात एका वेळी ५१२ बाइटांचा तुकडा जातो, त्याची पोच आल्यावर पुढचा तुकडा सुटतो, आणि तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांत मावावा लागतो. म्हणजे ६५,५३५ तुकड्यांनंतर, जेमतेम ३२ एमबीवर, आकडा संपतो. तो पुन्हा शून्यापासून मोजायची सोय दोन्हीकडे असेल तरच पुढे जाता येते. एका फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी दीड जीबीला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. तुकड्याचा आकार वाढवून हा वेळ कमी होतो, पण मुळात टीएफटीपीने फक्त आयपीएक्सईची ती छोटी फाइल आणावी आणि कर्नल व इनिटआरडी एचटीटीपीने आणावेत, हेच शहाणपणाचे आहे. एक गिगाबिटच्या पोर्टवर हेच काम कागदावर बारा-पंधरा सेकंदांचे आहे. प्रत्यक्षात फर्मवेअरच्या नेटवर्क ड्रायव्हरवर ते अवलंबून राहते आणि काही सर्व्हरांत बरेच जास्त लागते, पण त्याची तक्रार करण्यासारखे काही नाही.

एवढे पार पडल्यावर एक बिघाड असा येतो, की ज्याने अनुभवी माणूसही चकतो. कर्नल उतरतो, इनिटआरडी पूर्ण उतरल्याचे आयपीएक्सई दाखवतो, कर्नल सुरू होतो आणि रूट फाइल सिस्टिम मिळाली नाही, अज्ञात ब्लॉक ०,० असे म्हणून पॅनिक होतो, म्हणजे बंद पडतो. पाहणाऱ्याला वाटते की डिस्कचा काहीतरी प्रश्न आहे. डिस्कचा इथे काहीच संबंध नसतो. यूईएफआयमध्ये बूट करताना कर्नलच्या कमांडलाइनवर इनिटआरडीचे नाव वेगळे लिहावे लागते, आणि ते आयपीएक्सईने उतरवलेल्या फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. ते नसेल तर मेमरीत आलेली इनिटआरडी कर्नलला दिसतच नाही. बायोसवर हीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालते, त्यामुळे जुन्या सर्व्हरांवर पडताळलेली गोष्ट नव्यावर मोडते. आयपीएक्सईच्या नव्या बांधणीत याची काळजी काही अंशी घेतलेली आहे, तरी ती ओळ लिहून ठेवण्यात तोटा नाही. सिक्युअर बूटबद्दल एवढेच, की प्रॉक्समॉक्स ८.१ पासून त्याला साथ देतो, पण आपण स्वतः बांधलेल्या आयपीएक्सईवर सही नसते, आणि फर्मवेअर त्याला दारातच अडवते. ही अडवणूक प्रॉक्समॉक्सची नव्हे.

इथून पुढे इन्स्टॉलरची हद्द सुरू होते आणि माझे मत बदलते. कर्नलच्या ओळीत स्वयंचलित इन्स्टॉलर सुरू करण्याचा शब्द असला की तो मेन्यू न दाखवता कामाला लागतो आणि अ‍ॅन्सर फाइल शोधतो. एचटीटीपीची पद्धत निवडली असेल तर पत्ता आयएसओ तयार करतानाच आत घालता येतो, नाहीतर डीएचसीपीच्या २५० क्रमांकाच्या पर्यायातून देता येतो, किंवा डीएनएसमध्ये ठरावीक नावाची टीएक्सटी नोंद करून देता येतो. सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट २५१ क्रमांकातून जातो, त्यामुळे स्वतः सही केलेले सर्टिफिकेटही विश्वासाने वापरता येते. ही रचना मला फार आवडली. एकच आयएसओ सगळ्या रॅकसाठी चालते आणि कोणाला काय द्यायचे ते नेटवर्क ठरवते.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवायला हवा. इन्स्टॉलर फाइल नुसती मागत नाही. तो पोस्ट पद्धतीने (माहिती सोबत पाठवण्याच्या वेबवरच्या पद्धतीने) विनंती पाठवतो आणि सोबत स्वतःची माहिती जेसन या मजकुराच्या ठरावीक मांडणीत देतो. म्हणून एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या साध्या फोल्डरमध्ये अ‍ॅन्सर फाइल टाकून ठेवली तर ब्राउझरमध्ये ती व्यवस्थित दिसते आणि इन्स्टॉलरला मात्र ४०५ हा नकार मिळतो. पायथनसोबत येणाऱ्या छोट्या वेब सर्व्हरवर हाच नकार ५०१ म्हणून येतो. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंती आलेली दिसत असूनही इन्स्टॉलेशन थांबत असेल, तर त्या ओळीतला पद्धतीचा शब्द आणि शेवटचा आकडा आधी पाहावा. ही सक्ती सुरुवातीला जाचक वाटते, पण तिच्यामुळेच पुढचे सगळे शक्य होते. त्या जेसनमध्ये सर्व्हरचा सिरियल क्रमांक, मदरबोर्डची माहिती आणि प्रत्येक नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. त्यावरून आमचा छोटासा प्रोग्राम ठरवतो की हा कोणता सर्व्हर आहे, याचे नाव काय, याला कोणता पत्ता द्यायचा, आणि तशी अ‍ॅन्सर फाइल तिथल्या तिथे बनवून पाठवतो.

आता अडल्यावर काय होते ते. अ‍ॅन्सर फाइल मिळाली नाही किंवा चुकीची निघाली, तर इन्स्टॉलर मूळ सेटिंगनुसार रीबूट करत नाही, संदेश दाखवून थांबतो. रीबूट हवा असेल तर तसे आपण स्पष्ट लिहायचे. फाइल आणण्याचा लॉग वेगळा, इन्स्टॉलेशनचा वेगळा. दोन्ही तात्पुरत्या डिरेक्टरीत पडलेले असतात आणि दुसऱ्या कन्सोलवर रूट शेल मिळतो. कोणते नेटवर्क कार्ड वर आले, डीएचसीपीवरून कोणता पर्याय मिळाला, कोणत्या पत्त्यावर विनंती गेली हे तिथेच वाचता येते. रात्री वागळे इस्टेटमधून रिमोट कन्सोल उघडून पाहणाऱ्याला याहून जास्त काही नको असते. कर्नलच्या ओळीत सिरियल कन्सोलचा उल्लेख जरूर करावा, म्हणजे ग्राफिकल कन्सोलचे लायसन्स नसलेल्या सर्व्हरवरही सिरियल ओव्हर लॅनमधून (नेटवर्कवरून दिसणाऱ्या साध्या मजकुराच्या कन्सोलमधून) हाच मजकूर दिसतो आणि तो साठवून ठेवता येतो.

डिस्कच्या निवडीबद्दल मी आग्रहाने लिहिते, कारण इथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. अ‍ॅन्सर फाइलमध्ये डिस्कची नावे थेट लिहिता येतात, किंवा यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या भागाच्या) गुणधर्मांवरून गाळणी लावता येते. एसडीए, एसडीबी ही नावे कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाची असतात; रिमोट कन्सोलची आभासी ड्राइव्ह जोडलेली राहिली असेल तर काही सर्व्हरांत तीच एसडीए होऊन बसते. म्हणून मॉडेल किंवा सिरियल यांवर आधारलेली गाळणीच वापरावी. गाळणीने काय निवडले जाईल हे त्याच कमांडलाइन साधनाने प्रत्यक्ष सर्व्हरवर, काहीही न पुसता, पाहता येते. साधनातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नेटवर्क कार्डासाठीही अशीच गाळणी आहे, आणि ती मॅक अ‍ॅड्रेसवर लावली तर कार्डाचे नाव एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत बदलले तरी फरक पडत नाही. झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडणाऱ्यांनी रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधणारे कार्ड) आधी एचबीए पद्धतीवर (प्रत्येक डिस्क थेट दाखवण्याच्या पद्धतीवर) टाकावा. कंट्रोलरने बांधलेल्या एकाच मोठ्या आभासी डिस्कवर झेडएफएस चढवण्यात त्याची निम्मी उपयुक्तता जाते.

पासवर्डचा प्रश्नही सोडवलेला आहे, पण तो वापरायला हवा. अ‍ॅन्सर फाइलमध्ये रूटचा पासवर्ड उघडा लिहिता येतो आणि तसे नमुने सर्रास फिरतात. साध्या एचटीटीपीवरून ती फाइल गेली तर त्या व्हीलॅनवर बसलेल्या कोणालाही तो वाचता येईल. हॅश केलेला (उलट वाचता न येणारा) पासवर्ड आणि एसएसएचच्या (दूरून सुरक्षित लॉगिनच्या) सार्वजनिक किल्ल्या देण्याची सोय आहे. तीच वापरावी, इन्स्टॉलेशनचे नेटवर्क बाकीच्यांपासून वेगळे ठेवावे आणि एचटीटीपीएस सोडू नये.

नोव्हेंबर २०२४ मधल्या ८.३ या आवृत्तीने दोन गोष्टी जोडल्या आणि त्यांच्यामुळे ही सोय खऱ्या अर्थाने कामाची झाली. पहिली म्हणजे पहिल्या बूटच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट, जी नेटवर्कच्या आधी, नेटवर्क आल्यावर किंवा सगळे सुरू झाल्यावर यांपैकी कधी चालवायची ते सांगता येते. सबस्क्रिप्शन नसलेल्या सर्व्हरवर मूळ एंटरप्राइझ रिपॉझिटरी (सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांसाठीचा अपडेटचा साठा) पहिल्याच अपडेटला ४०१ देऊन नकार देते, ती बदलण्याचे काम या स्क्रिप्टमध्ये होते. सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटमागे वार्षिक असते. ज्यांच्या धंद्याचा डोलारा या सर्व्हरांवर उभा आहे त्यांनी ते घ्यावे असे माझे मत आहे, पण इन्स्टॉलेशनची ही कोणतीही सोय त्याच्याविना अडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे इन्स्टॉलेशन यशस्वी झाल्यावर, रीबूटच्या आधी, आपण दिलेल्या पत्त्यावर जाणारी सूचना. तिच्यात कोणत्या डिस्क वापरल्या, कोणते नेटवर्क कार्ड निवडले आणि त्या सर्व्हरच्या एसएसएचच्या सार्वजनिक होस्ट किल्ल्या कोणत्या, हे सगळे येते. म्हणजे पहिल्या लॉगिनला येणाऱ्या “या होस्टवर विश्वास ठेवायचा का” या प्रश्नाला डोळे मिटून होकार द्यावा लागत नाही. पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. नेटवर्क बूट यादीत पहिला असेल तर इन्स्टॉलेशन संपवून रीबूट झालेला सर्व्हर पुन्हा पीएक्सईलाच जातो, पुन्हा अ‍ॅन्सर फाइल मागतो, ती मिळते, आणि नुकतीच चढवलेली प्रणाली पुसून तो पहिल्यापासून सुरू होतो. चाचणीच्या दिवशी हा प्रकार फक्त वेळ खातो. सहा महिन्यांनी, व्हर्च्युअल मशीन चालू असलेला सर्व्हर वीज गेल्यामुळे रीबूट झाला आणि त्याने हेच केले, तर ग्राहकाचा डेटा गेला.

आयपीएमआयवरून (सर्व्हरवर दूरून नियंत्रण ठेवण्याच्या सोयीवरून) फक्त पुढच्या एका बूटपुरते नेटवर्क निवडणे हा पहिला बंदोबस्त, पण काही फर्मवेअर ती एकदाच्या बूटची विनंती नीट पाळत नाहीत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. आमच्याकडे अ‍ॅन्सर फाइल देणारा प्रोग्राम एक यादी पाळतो. ज्या सिरियल क्रमांकाचे इन्स्टॉलेशन आज करायचे आहे तोच त्या यादीत माणसाने हाताने घालायचा, आणि यशाची सूचना आली की प्रोग्राम तो स्वतः काढून टाकतो. यादीत नसलेल्या सर्व्हरला आयपीएक्सईची स्क्रिप्ट सिरियल क्रमांक पाहूनच डिस्कवरून बूट करायला पाठवते. त्यातूनही तो इन्स्टॉलरपर्यंत पोहोचलाच, तर त्याला अ‍ॅन्सर फाइलऐवजी ४०४ मिळतो. अशा वेळी प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर डिस्कला हात न लावता, पडद्यावर कारण लिहून थांबून राहतो.